तिखट सोडलेली काशम्मा

वेणीमाधव गलगलीचं अक्षर सुरेख होतं. ज्याचं अक्षर सुरेख असतं त्याला आपलं सगळंच बरोबर असतं असं वाटायला लागतं, त्यातलाच तो एक. सोलापुरातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात तो लेखनिक होता. तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळेवर वाजत होते आणि दवाखान्याच्या ओसरीवरची बाकं सकाळी सातलाच भरत होती. वेणीमाधव मूळचा अक्कलकोटकडचा, माध्व ब्राह्मण. लहानपणी घरात कानडी, शाळेत मराठी आणि पुढं कचेरीत इंग्रजी, अशा तिन्ही भाषा त्याला सारख्याच येत. कानडी माणसं त्याला मानानं 'रायरे' म्हणत. 'रायरे' ऐकलं की त्याची मान आपोआप ताठ होई.

डॉक्टर गोपाळ सबनीस होते गिरगावातले. कानडीचा त्यांना गंध नव्हता आणि सोलापुरी मराठीसुद्धा ते दोनदा विचारून घेत. पण माणूस सच्चा. सोलापुरात आल्यावर वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की इथं तोंडाच्या दुखण्याचे रोगी फार येतात. गालाच्या आत किंवा हिरडीच्या कडेला जखम होते, ती काही केल्या भरत नाही. मग मानेत दगडासारख्या गाठी येतात, घास उतरेनासा होतो आणि वर्ष-दोन वर्षांत माणूस जातो. डॉक्टर त्याला कॅन्सर म्हणत. त्यांनी ठरवलं की प्रत्येक रोग्याची नीट नोंद ठेवायची. कारण हाती लागलं तर या माणसांचं नाही, पण पुढच्यांचं तरी भलं होईल. त्यांनी कागद छापून घेतले. वय, धंदा, जखम कुठल्या बाजूला, किती दिवसांची, आणि सातवा रकाना सवयींचा. त्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की रोगी तंबाखू कोणत्याही प्रकारे वापरतो का?

विचारायचं काम वेणीमाधवचं. आता, 'कोणत्याही प्रकारे वापरता का' असं कोण कुणाला विचारतं? त्यानं ते सुटसुटीत करून घेतलं. पुरुषांना तो विचारी, "तंबाखू खाता का? विडी ओढता का?" बायकांना विडीचं विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून त्यांना अर्धाच प्रश्न. "तंबाखू खाता का?" तोही कागदावरून नजर न उचलता, कारण परक्या बाईच्या तोंडाकडे बघणं त्याला शिकवलेलं नव्हतं. कानडी बायांना तेच कानडीत, "तंबाकू तिंतीरेनु?" एखादी पानाबरोबर खाणारी 'व्हय' म्हणे. बाकीच्या म्हणत, "न्हाय बा, तंबाखू कशाला खाऊ?" नाहीतर "इल्लरी, रायरे." वेणीमाधव वळणदार अक्षरात 'नाही' लिही आणि पुढच्या रकान्याकडे जाई.

दीड वर्षात पावणेतीनशे कागद झाले. पुरुषांचं कोडं नव्हतंच. ज्या गालात तंबाखूची गोळी, त्याच गालात जखम. बायकांचं मात्र काही सुटेना. साठेक बायकांपैकी पन्नासजणी तंबाखू खात नाहीत म्हणतात, आणि जखम मात्र तीच. डॉक्टर संध्याकाळी कागद पसरून बसत आणि चष्मा काढून डोळे चोळत.

अशाच एका संध्याकाळी वेणीमाधवला सुचलं. "साहेब, एक सांगू का? इथल्या बायका तिखट फार खातात. शेंगाची चटणी, ठेचा. भाजी-आमटी पुरुषांच्या ताटात जाते. मागनं जेवणाऱ्या बाईला उरते ती भाकरी आणि चटणी. तिन्ही त्रिकाळ तेच. त्या तिखटानं तोंड सोलून निघत असेल."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "हे मला सुचलं नसतं, वेणीमाधवराव. हे इथल्याच माणसाला सुचणार."

त्या दिवशी वेणीमाधव घरी चालत गेला की तरंगत, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

काशम्मा आली ती श्रावणात. चाळिशीची, अंगानं भरलेली, कपाळावर विभूती आणि गळ्यात लिंग. ती अक्कलकोट रस्त्याकडच्या एका वस्तीत भावाच्या घरी राहायची आणि शेंगाची चटणी कुटून बाजारात विकायची. तिच्या हातची चटणी गिरणीवाल्यांत नावाजलेली होती. मराठी तिला बाजारापुरतं येई, बाकी सगळं कानडी. (ती कानडीत बोलली ते इथं आपण आपल्या सोयीनं सोलापुरी मराठीत ऐकू.) डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, पांढरा डाग होता. दुखत नव्हता, फक्त खरखरीत लागायचा. वेणीमाधवनं विचारलं, "तंबाखू खातेस का?" ती म्हणाली, "शिवा शिवा! न्हाय रायरे, आमच्यात बायका तंबाखू न्हाईत खात." 'नाही.' डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात डाग पाहिला आणि सांगितलं, "अजून जखम नाही, चांगलं आहे. तंबाखू नसेल तर तिखटानंच झालंय. तिखट पूर्ण बंद. सहा महिन्यांनी दाखवायला या."

वेणीमाधवनं कानडीत सांगितलं तेव्हा काशम्मा हसलीच. "मी चटणीवाली, रायरे. मीच तिखट सोडलं तर गिऱ्हाईक म्हनंल, हिच्याच चटणीत कायतरी हाय."

"जीव हवा की चटणी?" वेणीमाधव जरा दटावून म्हणाला. सल्ला आपलाच होता, त्यामुळं त्याचा आवाज डॉक्टरांच्या आवाजापेक्षा मोठा निघाला.

काशम्मानं जीव निवडला. चव घेताना तिखट तोंडात जातं, कुटताना वाऱ्यानं उडतं, म्हणून तिनं मुसळच भावजयीच्या, शरणम्माच्या हाती दिलं आणि स्वतः नुसत्या कडक भाकऱ्या विकू लागली. ताटात दूध-भाकरी, नाहीतर ताकात कुस्करलेली भाकरी. आयुष्य तिखटात गेलेल्या बाईनं असं जेवणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं सोलापुरात दिवस काढलेत त्यालाच कळेल.

दिवाळीपर्यंत डॉक्टरांचा निबंध तयार झाला. फाल्गुनात पुण्याला डॉक्टर मंडळींची सभा भरणार होती, तिथं तो वाचायचा होता. टंकलेखनाच्या तीन प्रती निघाल्या आणि डॉक्टरांनी त्यातली एक वेणीमाधवला दिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की श्री. वेणीमाधव गलगली यांनी स्थानिक भाषांतून अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या चौकशीवाचून हे काम झालं नसतं. 'अत्यंत काळजीपूर्वक' हे दोन शब्द वेणीमाधवनं किती वेळा वाचले असतील, मोजदाद नाही. पान त्यानं शेजाऱ्याला दाखवलं, मारुतीच्या पुजाऱ्याला दाखवलं, इंग्रजी न येणाऱ्या न्हाव्यालासुद्धा दाखवलं.

कार्तिकातल्या एका रविवारी दुपारी तो बायकोला, रुक्मिणीला, निबंध मराठीत करून ऐकवत होता. तो ओटीवर आणि ती मागच्या दारी चुलीपाशी. चुलीवर जुना तवा होता. धूर आला तशी वेणीमाधवला शिंक आली. मग दुसरी आली. दर पंधरा दिवसांनी त्याला अशा शिंका यायच्या, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नसे.

"सोलापूर भागातल्या स्त्रिया," त्यानं नाक पुसून वाचलं, "बहुतांशी तंबाखूपासून अलिप्त आहेत."

आतून हसण्याचा आवाज आला. "काय हो, मग हे मी तव्यावर काय भाजतेय? जिरं?"

"ते खायचं थोडंच आहे," वेणीमाधव म्हणाला. "ती मिसरी."

बोलला आणि आपलंच वाक्य त्याच्या कानात राहिलं. ती मिसरी. तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची आणि मग तास-तासभर तशीच तोंडात ठेवायची. सकाळी, दुपारी, जेवल्यावर, डोकं दुखलं तर, भूक मारायची असली तर. बायका ती लावतात. खात कुणीच नाही. त्यानं विचारलं होतं 'खाता का', आणि त्या सगळ्याजणींनी अगदी खरं सांगितलं होतं.

तो उठून मागच्या दारी गेला. रुक्मिणी तर्जनीनं खालची हिरडी घासत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि ही मिसरीची डबी आणि हे बोट तो रोज बघत होता.

"तोंड उघड," तो म्हणाला.

"अगंबाई! आता काय माझाही कागद भरताय का?"

"उघड म्हणतो ना!"

काळ्या हिरड्या सोडल्या तर तिचं तोंड स्वच्छ होतं. डाग नव्हता. वेणीमाधवनं तवा उचलून गटारीत उपडा केला आणि डबी परसातल्या आडात टाकली. रुक्मिणीनं तीन दिवस अबोला धरला, चौथ्या दिवशी डोकं धरून बसली, पण हळूहळू तिची मिसरी सुटली. मधे एकदा तिनं विचारलं, "दवाखान्यातल्या बायकांनाही सांगितलंत ना?"

"सांगतोय की," वेणीमाधव म्हणाला.

साफ खोटं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं ओसरीवर अकरा बायकांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "मिसरी लावता का?" नऊजणी म्हणाल्या, "व्हय की. मग दात कशानं घासायचं?" एक म्हातारी तर कौतुकानं डबी उघडून दाखवायला लागली. वेणीमाधव आत आला, टेबलाशी बसला आणि त्या अकराजणींच्या कागदांवर सातव्या रकान्यात पूर्वीसारखंच 'नाही' लिहिलं.

का लिहिलं? त्यानं स्वतःला बरंच काही सांगितलं. आता मधेच 'हो' लिहिलं तर आधीचे कागद खोटे ठरतील. निबंधाचं पुण्याला कळवून झालंय, डॉक्टरांचं हसं होईल. सभा होऊन जाऊ दे, मग सवडीनं सांगू. यातलं एकही कारण त्याला स्वतःला पटत नव्हतं. खरं कारण शेवटच्या पानावर टाईप केलेलं होतं. त्या दोन शब्दांसाठी तो मूग गिळून बसला. आपल्या बायकोचं तोंड त्यानं वाचवलं आणि बाकीच्यांच्या तोंडाचं काय होईल ते होवो म्हणून सोडून दिलं. इतकं सरळ मात्र तो स्वतःशी कधी बोलला नाही.

मार्गशीर्षात एकदा तो बाजारातून येत होता. समोरून काशम्मा आली, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी. त्याला बघून तिनं लांबूनच हाक मारली, "रायरे! तिखट सोडलं बघा. चार म्हैने झालं, मिरचीचं बी सुदिक न्हाय तोंडात!"

शाळेत पहिला नंबर आल्यावर पोर सांगतं तशी ती सांगत होती. ओठांच्या कडांना काळं लागलेलं होतं. आतापर्यंत कधी बायकांच्या तोंडाकडे न बघणाऱ्या वेणीमाधवला आता ते काळं सोडून दुसरं काही दिसत नसे.

"डाग कसा आहे?" त्यानं विचारलं.

"जरा आग आग हुती आता. पन मिसरी लावली की थंड पडतं. दिसातनं चार-पाचदा लावते."

सांगायला किती वेळ लागला असता? 'काशम्मा, ती डबी फेकून दे', एवढंच तर सांगायचं होतं. रस्त्यात कुणी ऐकणारं नव्हतं, डॉक्टर नव्हते, कागद नव्हता. पण एकीला सांगितलं की ती दहाजणींना सांगणार, त्या दहातली एखादी डॉक्टरांपुढं बोलणार. वेणीमाधव म्हणाला, "छान, छान. उशीर होतोय मला," आणि चालू लागला. पुढच्या वळणापर्यंत आपली पाठ तापतेय असं त्याला वाटत राहिलं.

माघात, बरोबर सहा महिन्यांनी, काशम्मा आली. तिच्याबरोबर शरणम्मा होती. श्रावणातली अंगानं भरलेली बाई पार सुकली होती आणि डाव्या गालावर पदर धरून बसली होती. आत बोलावल्यावर तिनं पदर काढला तेव्हा खोलीत वास पसरला. डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी नेलं, तोंडात पाहिलं, मानेवरून बोटं फिरवली आणि बराच वेळ ती बोटं एका जागी तशीच ठेवली. वेणीमाधव कागद घेऊन उभा होता. डॉक्टरांनी काही सांगायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं.

"तिला विचारा," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "पथ्य पाळलं होतं की नाही."

वेणीमाधवनं विचारलं. काशम्मानं मान खाली घातली. शरणम्मा काहीतरी बोलायला गेली, तिला काशम्मानं हातानं थांबवलं.

"लपवत न्हाय रायरे," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द गालात अडकत होते. "एकदा मोडलं. येळवशीच्या सणाला शेतात गेलो व्हतो. समदी गोल करून जेवाय बसली. भज्जीच्या भाजीत मिरची व्हती. मला वास सोसंना. दोन घास खाल्लं. लगीच चूळ भरली. घरी यिऊन तीनदा मिसरी लावली, तोंड साफ व्हावं म्हनून. पन खाल्लं ते खाल्लं. पाच म्हैने सोन्यावानी पाळलं आन् दोन घासानं घात केला."

आणि ती रडायला लागली. दुखण्यासाठी नव्हे, दोन घासांसाठी. परपुरुषांसमोर चोरी कबूल करावी तशी ती लाजेनं लाल झाली होती.

"काय म्हणतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा माणूस एकच होता. वेणीमाधव म्हणाला, "साहेब, एकदा तिखट खाल्लं म्हणते. सणाला. दोन घास." मिसरीचं त्यानं या वेळीही गाळलं.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. ते निर्दय नव्हते, थकलेले होते. "इतकं बजावून सांगितलं होतं. लोक ऐकतच नाहीत. सांगा तिला, पथ्य मोडलं म्हणून वाढलं. तिच्या घरच्यांना तरी कळू दे."

आणि वेणीमाधवनं ते सांगितलं. स्वतःच्या तोंडानं, कानडीत, सांगितलं. पुढं आयुष्यभर त्याला आपल्या त्या वाक्याची चव जिभेवर आठवायची.

काशम्मानं वाकून जमिनीला डोकं टेकलं. "खरं हाय. माझंच चुकलं. तसंच लिवा, रायरे. काशीनं पथ्य मोडलं म्हनून लिवा. न्हायतर उद्या कुनी म्हनंल, डाक्टरानं बरं केलं न्हाय. डाक्टरावर बोल नगं."

वेणीमाधवनं टाक शाईत बुडवला. कागदावर टेकवला. शाईचा ठिपका पसरत गेला, पण अक्षर उमटेना. त्यानं टाक खाली ठेवला, आणि शेवटी तो मराठीत बोलला, कारण आधी डॉक्टरांना सांगणं भाग होतं.

"साहेब, हिनं काही मोडलेलं नाही. या बायका मिसरी लावतात. भाजलेली तंबाखू असते ती. दिवसभर हिरडीला लावून ठेवतात. मी खाता का म्हणून विचारत होतो. लावता का, असं कधी विचारलंच नाही. ते सगळे 'नाही' खोटे आहेत."

डॉक्टर टॉवेलला हात पुसत होते, ते थांबले. "सगळे?"

"बहुतेक सगळे."

"आणि हे तुम्हाला आज कळलं?"

आज म्हणता आलं असतं. डॉक्टरांनी त्यावर विश्वासही ठेवला असता. "कार्तिकापासून ठाऊक आहे," वेणीमाधव म्हणाला. "घरी बायकोची सोडवली. इथं बोललो नाही. निबंधात माझं नाव होतं."

डॉक्टर खुर्चीवर बसले. त्यांनी काशम्माचा श्रावणातला कागद हातात घेतला, सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. "श्रावणात नुसता डाग होता, वेणीमाधवराव. मिसरी सुटली असती तर कदाचित पुसूनही गेला असता." आवाज चढला नव्हता. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं वेणीमाधवला वाटलं. मग डॉक्टरच पुन्हा म्हणाले, "आणि मी तरी काय केलं? साठ बायकांची तोंडं उघडून पाहिली, हिरड्या काळ्या का हे एकीलाही विचारलं नाही. कागद वाचत बसलो." त्यांनी पुण्याला पाठवायचा निबंध खणातून काढला आणि उभा फाडून टोपलीत टाकला. "हिला मुंबईला पाठवू. उशीर झालाय, फार झालाय, तरी पाठवू. आता तिला सांगा. सगळं सांगा. मला कानडी कळत नाही, म्हणूनच नीट सांगा."

वेणीमाधव काशम्मासमोर खाली फरशीवर बसला. बाईच्या समोर असा तो कधी बसला नव्हता. शरणम्मा बावरून मागं सरकली.

"काशम्मा," तो म्हणाला, "तिखटानं काहीही झालेलं नाही. तुझे दोन घास सोडून दे, पोटभर खाल्लं असतंस तरी चाललं असतं. हे मिसरीनं झालंय. मिसरी म्हणजे तंबाखूच. तिखटाचं खूळ माझ्या डोक्यातलं. आणि मला कळलं त्यालाही तीन महिने झाले. बाजारात भेटलीस तेव्हा मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही. आता तुझ्यावर आळ घेतला, तोही खोटा."

काशम्मा एकटक त्याच्याकडे बघत होती. मग तोंडाच्या चांगल्या बाजूनं ती हसली आणि शरणम्माकडे वळली. "बघ गं. मला वाईट वाटू नये म्हनून रायरे माझा दोष सोताच्या अंगावर घ्याया लागलेत. कवढं मोठं मन."

"मन कसलं मोठं! खरं सांगतोय, काशम्मा."

"व्हय, व्हय. कळतंय मला."

वेणीमाधवनं पुन्हा सांगितलं. शब्द बदलून सांगितलं, स्वतःला नीच म्हणून सांगितलं. तो जितका स्वतःला दोष देई, तितके तिचे हात अधिक जुळत. ब्राह्मण माणूस जमिनीवर बसून डोळ्यात पाणी आणून असं बोलतोय, ते आपल्यावरच्या मायेपोटीच, हे तिला पटत होतं. तो खरं बोलत असेल, याला मात्र तिच्या मनात शिरायला जागाच नव्हती. शेवटी ती त्याची समजूत काढावी तशी म्हणाली, "बरं, मिसरी सोडते. तुमी सांगताय तर सोडते. तिखट बी न्हाय खानार, मिसरी बी न्हाय लावनार. मग झालं?"

"तिखट खा गं!" वेणीमाधव जवळजवळ ओरडलाच. "तिखट खा, काशम्मा. चटणी खा, ठेचा खा. तुला पाहिजे ते खा. आता कसलंही पथ्य नाही."

काशम्माचे जोडलेले हात तसेच राहिले. चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं. ती डॉक्टरांकडे वळून बघायला लागली. डॉक्टरांना कानडी कळत नव्हती, पण तिची नजर कळली, आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शरणम्माच्या तोंडून हुंदका फुटला.

"असं व्हय," काशम्मा हळूच म्हणाली. "आमच्या आईच्या येळंला बी वैद्य असाच म्हनला व्हता. आता पायजे ते खाऊ घाला म्हनून. आठ दिसांत गेली."

"तसं नाही, तसं नाही म्हणायचं मला," वेणीमाधव म्हणाला. पण ते तसंच होतं. तीन भाषांपैकी एकही त्याच्या मदतीला आली नाही. त्यानं तोंड झाकून घेतलं आणि तिथंच, फरशीवर, सगळ्यांसमोर तो रडला.

काशम्मा भिंतीला धरून उठली. तिनं गालावर पदर घेतला, वेणीमाधवच्या डोक्यावरून लांबूनच हात ओवाळून बोटं मोडली, जशी घरच्या माणसाची दृष्ट काढतात.

"रडू नगा, रायरे. तुमी चांगलंच केलं. सांगाय तरी आलं तुमास्नी, बाकीची सांगत बी न्हाईत." मग शरणम्माच्या खांद्यावर हात टाकून ती दाराकडे वळली. "चल गं. घरी गेल्यावर ताजी चटणी कूट. लसूण जास्ती घाल. रायरे खा म्हनलेत."